पाहुण्याचं मुसकं

व्यंकटराव कुलकर्णी तसे पत्रांना उत्तरं देणारे गृहस्थ होते. विमा कंपनीचं छापील पत्र आलं तरी 'आपले पत्र पोहोचले, आभारी आहे' एवढं ते कळवायचेच. एकदा कापडाच्या दुकानाने पाठवलेल्या दिवाळीच्या शुभेच्छांना त्यांनी पानभर उत्तर लिहिलं होतं, आणि ती तक्रार आहे असं वाटून दुकानदाराने घाबरून घरी फोन केला होता. अशा माणसाने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही. आणि आलेल्या सगळ्या पत्रांत खरोखर उत्तर मागणारं तेवढंच एक होतं.

ते जपानहून आलं होतं, दोन हजार तेराच्या जूनमध्ये. लिहिणाऱ्याचं नाव हायाशी. मेंढपाळांच्या बोलीतले शब्द गोळा करायला हा मनुष्य पुण्यात मराठी शिकून औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आला होता. कोणीतरी त्याला व्यंकटरावांचं नाव सांगितलं. व्यंकटराव एका कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले होते आणि मेंढरांबद्दलचे शब्द वीस वर्षं एका वहीत उतरवत होते. ती वही छापण्याच्या लायकीची आहे की नाही, हे त्यांचं अजून ठरायचं होतं. हायाशीने निळ्या शाईत, पट्टी धरून मारल्यासारख्या शिरोरेषा देत लिहिलं होतं: 'आपल्या घरी माझ्याकडून काही चूक झाली, असे मला वाटते. सौ. उमाताई जेवणानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. कोणती चूक झाली ते कृपया कळवावे, म्हणजे मी ती पुन्हा करणार नाही.'

व्यंकटरावांनी उत्तराला सुरुवात पुष्कळदा केली. पण उत्तर द्यायचं म्हणजे असं लिहावं लागणार होतं, की तुम्ही नाक झाकून आलात, त्यामुळे आमच्या घराला वास येतो असा आमच्या मंडळींचा समज झाला. हे सभ्य मराठीत कसं लिहायचं, हे चाळीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला सुचेना. मग त्यांनी पत्र शब्दकोशाच्या एका खंडात ठेवलं. योग्य शब्द सापडला की लिहू, असं स्वतःला सांगितलं, आणि तो खंड उघडायचं बंद केलं.

घडलं होतं ते एवढंच. ते साल दुष्काळाचं. शहर मात्र दुष्काळ नसल्यासारखं वाढत होतं. बायपासच्या पलीकडे जिथे मेंढरं चरायची तिथे रो-हाऊस उभी राहिली होती, आणि त्यांतल्याच एकात व्यंकटराव आणि उमाताई राहायला आले होते. कॉलनीला कमान होती, बाग म्हणून राखलेला मोकळा प्लॉट होता, सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाणी तेवढं नव्हतं. टँकर आला तर पाचव्या दिवशी यायचा. अंघोळी दिवसाआड, फरशी आठवड्याने. अशात परदेशी पाहुणा जेवायला येणार म्हणून उमाताईंनी दोन दिवस पाणी वाचवून बैठकीची खोली पुसून काढली, आणि तरीही न्हाणीघराचा वास बाहेर येतो की काय, म्हणून सकाळपासून चार वेळा दारात उभं राहून हुंगून पाहिलं.

आणि पाहुणा आला तो नाकातोंडावर पांढरी पट्टी बांधून.

दारात तो कमरेतून वाकला आणि पट्टीआडून काहीतरी पुटपुटला. व्यंकटरावांना त्यातलं 'सर्दी' आणि 'क्षमा असावी' एवढं ऐकू आलं. पाहुणा खोलीत न येता दाराजवळच्या खुर्चीवर बसला, बोलताना तोंड दुसरीकडे वळवू लागला, जेवणापुरती पट्टी खाली केली आणि हात धुतल्याबरोबर पुन्हा चढवली. उमाताई स्वयंपाकघरात गेल्या त्या तो जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. व्यंकटरावांनी आत जाऊन सांगितलं, की त्यांना सर्दी आहे. त्यावर उमाताई म्हणाल्या की सर्दी त्यांनाही झाली आहे, त्यांच्या आईला झाली होती, मुलाला, शंतनूला, तर दहावीपर्यंत होती. सर्दीला माणूस रुमाल घेतो, कान बांधतो, कोणी दुसऱ्याच्या घरात नाक बांधून बसत नाही. शिवाय सर्दीने नाक आधीच बंद असतं, ते झाकायचं कशाला? मग त्यांनी फिनेल ओतलं आणि उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. बंद नाकाला वास येईलच कसा, हे उत्तर व्यंकटरावांना तिसऱ्या दिवशी सुचलं. तोपर्यंत पाहुण्याचं नाव घरात 'नाकबांध्या' पडलं होतं.

आता मुंजाबांबद्दल सांगायला हवं, कारण ते व्यंकटरावांचे एकुलते एक मित्र होते.

कॉलनी ज्या माळावर उभी राहिली, त्या माळावर मुंजाबांच्या घराण्याची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या चरलेली. बरीचशी जमीन विकली गेली. कॉलनीच्या मागे दोन एकर, पत्र्याचं घर, विहीर आणि साठेक मेंढरं उरली होती. व्यंकटराव एकदा वही घेऊन भीतभीत त्यांच्याकडे गेले आणि आखूड कानाच्या मेंढीला काय म्हणतात असं विचारलं. मुंजाबांनी आधी गावाचं नाव विचारलं. पिशोर म्हटल्यावर ते उठून उभेच राहिले. पिशोरच्या कुलकर्ण्यांच्या वावरात त्यांच्या आज्याची मेंढरं बसायची, खतासाठी. दोन आजोबांची ही ओळख निघाल्यावर प्रश्नच मिटला. तेव्हापासून दर गुरुवारी पाच वाजता मुंजाबा काठी टेकत कॉलनीत यायचे, व्यंकटरावांच्या ओट्यावर बसायचे, एखाददुसरा शब्द सांगायचे आणि बदल्यात पेपर वाचून घ्यायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. व्यंकटरावांना बोलता येत नव्हतं. दोघांचं छान जमलं होतं. व्यंकटरावांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, पण पुस्तकातला माणूस म्हणजे मास्तर, असा मुंजाबांचा हिशोब होता आणि त्यांनी तीच हाक ठेवली.

तेराच्या त्या दुष्काळात मुंजाबांच्या बायकोने, बानाबाईंनी, आपल्या विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यातून रोज एक हंडा उमाताईंकडे पाठवला होता. पुढे पंधरा-सोळालाही, आणि अठराच्या दुष्काळातही. कुलकर्ण्यांच्या घरात या गोष्टीचा मोठा अभिमान होता. आम्ही पाण्याचा विटाळ कधीच मानला नाही, असं व्यंकटराव आल्यागेल्याला हळू आवाजात सांगायचे. ते खरंही होतं. विशेषतः दुसरं पाणीच नव्हतं त्या वर्षांत तर त्यांनी तो मुळीच मानला नाही.

मग वीस साल उजाडलं आणि सगळ्या जगाने नाक बांधलं.

आपल्याकडे ही गोष्ट जरा वेगळ्या पद्धतीने झाली. कॉलनीतल्या लोकांनी मुखपट्टी घेतली, पण ती कुठे बांधायची याबद्दल एकमत झालं नाही. बहुतेकांना हनुवटी सोयीची वाटली. काहींनी ती एका कानाला राखीसारखी लटकत ठेवली. लोक गाडीत काचा लावून एकटे असताना ती घालायचे आणि माणूस भेटला की काढायचे, कारण मोठ्या माणसासमोर तोंड झाकून उभं राहणं बरं दिसत नाही. चप्पल जशी देवळाबाहेर, तशी पट्टी ओळखीच्या माणसाबाहेर. लग्नसराईत पैठणीच्या काठाच्या पट्ट्या निघाल्या, इथल्या हिमरू कापडाच्याही निघाल्या. त्या फोटोपुरत्या घालायच्या आणि जेवणाच्या गर्दीत पर्समध्ये ठेवायच्या. कॉलनीच्या मुली उन्हाधुळीसाठी गेली दहा वर्षं स्कूटरवर डोळे सोडून सगळं डोकं ओढणीत गुंडाळून हिंडत होत्या. त्यांतल्या एकीला सोसायटीचे सेक्रेटरी नानासाहेब यांनी कमानीत अडवलं, की मास्क कुठे आहे. हे विचारताना त्यांचा स्वतःचा मास्क गळ्यात होता, कारण त्याशिवाय त्यांचं बोलणं तिला ऐकू गेलं नसतं. शहागंजातल्या बुरखा घेणाऱ्या बायकांना मात्र बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, तोंड का झाकलं, असं कोणी विचारत नव्हतं.

कॉलनीच्या मागे, मुंजाबांच्या बाजूला, निराळाच कायदा होता. तिकडे मास्क घालणारा माणूस दोनच प्रकारचा. एक तर त्याला झालाय, किंवा तुम्हाला झालाय असं त्याला वाटतंय. पहिल्यापासून चार हात लांब राहायचं. दुसऱ्याला घरात घ्यायचं नाही.

व्यंकटराव यातलं काही शिकले नाहीत. ते छापील सूचना वाचून मास्क घालायचे. पुण्याहून शंतनूने सांगितलं, की आता एकावर एक असे दोन घाला. त्यांनी दोन घातले. ओट्यावर मुंजाबा यायचे तेव्हा मध्ये दोन पायऱ्यांचं अंतर असायचं आणि पेपर वाचताना व्यंकटरावांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. मुंजाबा म्हणायचे की बातम्या तशाही काही ऐकण्यासारख्या नाहीत.

एकवीसच्या फेब्रुवारीत मुंजाबांना नातू झाला. त्यांचा मुलगा बिभीषण कॉलनीत दूध घालायचा. तो फाटकातून ओरडून सांगून गेला की काका, बारशाला यायचंच, आबांनी सांगितलंय की मास्तर आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. व्यंकटरावांना असं आमंत्रण आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. त्यांनी दोन रात्री बाळासाठी चार ओळी रचल्या आणि फाडल्या. बारशाच्या सकाळी ते उठले ते शिंकतच.

तापबिप नव्हता, साधं पडसं होतं. उमाताईंना गुडघ्याने धरलं होतं, त्या येणार नव्हत्या. त्यांनी यांनाही नको म्हणून सांगितलं. पण नाव अडलेलं. मग व्यंकटरावांनी विचार केला, आणि विचार ते नेहमी फार नीट करायचे. बाळ बारा दिवसांचं. आपण नाक वाहणारे. दोन मास्क घालू, लांब बसू, काही खाऊ-पिऊ नको, कशाला हात लावू नको. अशाने कुणालाच त्रास होणार नाही.

मांडवात पिशोरचे सोयरे आले होते, म्हणजे बिभीषणच्या सासरची मंडळी. पन्नासेक माणसांत तोंड झाकलेला माणूस एकच. व्यंकटराव रस्त्याच्या कडेच्या खुर्चीवर बसले. मुंजाबांनी सगळ्यांना सांगितलं की हे आमचे मास्तर, पिशोरच्या कुलकर्ण्यांचे. तेव्हा सोयऱ्यांनी माना वळवून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बानाबाई पितळी तांब्या भरून घेऊन आल्या. आलेल्याला आधी पाणी, ही तिथली रीत. पाण्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. व्यंकटरावांनी दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. बानाबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग तांब्या घेऊन परत गेल्या. मागून बाळाची आई सत्यशीला आली आणि बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला वाकली. व्यंकटराव खुर्चीसकट मागे सरकले. सरकले म्हणजे काय, खुर्चीचे मागचे पाय नालीत गेले आणि ते पडता पडता राहिले.

सत्यशीलाचे वडील साहेबराव मोठ्याने म्हणाले, "पाहुणे, वास येऊ राहिला का आमचा? मेंढरं हायत. येनारच."

मांडव हसला. व्यंकटराव उभे राहिले आणि दोन कापडांच्या आतून म्हणाले, की मला सर्दी आहे, क्षमा असावी. मग ते कमरेतून किंचित वाकले, का ते त्यांनाही कळलं नाही, आणि न जेवता घरी आले.

त्या गुरुवारी मुंजाबा आले नाहीत. पुढच्याही नाही. बिभीषण हाक न मारता दुधाची पिशवी फाटकाला अडकवून जाऊ लागला. व्यंकटराव पाच वाजता पेपर घेऊन ओट्यावर बसायचे, साडेसहाला उठायचे. गेल्या आठ वर्षांत ते बोलले होते त्यातलं निम्म्याहून जास्त त्या ओट्यावर बोलले होते. आता ते शब्द कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. कॉलनीत बोलायला नानासाहेब होते, पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे ऐकणं. उमाताई म्हणाल्या की जाऊन विचारा. व्यंकटराव म्हणाले, बघतो. हे 'बघतो' उमाताईंच्या चांगल्या ओळखीचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मार्चच्या बातम्यांत आकडे चढू लागले, तेव्हा व्यंकटरावांना भीती वाटली. आजाराची नव्हे, आता सगळं पुन्हा बंद झालं तर हे असंच राहून जाईल याची. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली: 'श्री. मुंजाबा यांस नमस्कार. आपल्या घरी माझ्याकडून काही चूक झाली, असे वाटते. कोणती ते कृपया कळवावे.' लिहिताना वाक्य फार सहज आलं, एकही शब्द खोडावा लागला नाही, याचं त्यांना नवल वाटलं. घडी घालताना त्यांचा हात थांबला. वाक्य त्यांचं नव्हतंच. आठ वर्षांपूर्वी ते दुसऱ्या कोणीतरी निळ्या शाईने लिहिलेलं होतं.

त्यांनी चिठ्ठी तरीही दुसऱ्या दिवशी बिभीषणच्या हातात दिली. अशा चिठ्ठीला उत्तर येत नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

उत्तर त्याच सकाळी नऊला आलं आणि ते स्वतःच्या पायांनी आलं. बानाबाई फाटकाशी उभ्या होत्या, पदर डोक्यावर, बिभीषणने वाचून दाखवलेली चिठ्ठी मुठीत. मुंजाबा रस्त्यापलीकडे काठीवर रेलून नानासाहेबांची नवी गाडी अशी निरखत होते, जणू आज ती घ्यायचीच होती. व्यंकटराव घाईने बाहेर आले. पडसं केव्हाच गेलं होतं, पण सवयीने त्यांनी दोन्ही मास्क चढवले होते. बानाबाईंकडे बघून त्यांनी ते हळूच खाली ओढले.

"मास्तर, ही चिठ्ठी तुमीच धाडली का?"

"हो."

"कामून? दोन वावरं पल्याड राहतो आमी. तोंड नाय का तुमाला?"

व्यंकटराव म्हणाले की माझं काय चुकलं ते कळावं म्हणून.

"तेच सांगाया आले. तांब्या परत केला तुमी. पिशोरच्या सोयऱ्यांम्होरं. लेकराला घेतलं नाय, ते जाऊ द्या, लेकरू कापडं खराब करतं. पर पाणी? दुष्काळात आमच्या हिरीचं चाललं, अन् आता मांडवात चालंना?"

उमाताई दारात येऊन उभ्या होत्या. व्यंकटरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वाचवलं नाही. मग ते एका दमात बोलले. त्यांना पडसं झालं होतं, बाळ बारा दिवसांचं होतं, तांब्याला तोंड लागलं असतं तर पुढच्याला गेलं असतं, म्हणून.

"तांब्याला तोंड लावतं कोण? आमी वरून पितो सगळे. तुमी काय लावता का?"

वरून प्यायचं, हे व्यंकटरावांच्या नीट केलेल्या विचारात आलंच नव्हतं.

"अन् सर्दी व्हती तर तसं म्हनायचं."

"म्हणालो होतो."

"कवा? जाताना? दोन दोन फडकी बांधून? आमाला वाटलं, मंतर म्हनू राहिले."

उमाताई हसल्या. तेवढ्यात मुंजाबांनी गाडी घेण्याचा विचार सोडला आणि रस्ता ओलांडून आले. ते व्यंकटरावांशी नव्हे, बायकोशी बोलले. "म्हंजे मुसकं व्हतं ते. मी म्हनत नव्हतो तुला? खळ्यावर बैलाला मुसकं बांधत्यात ते काय बैलासाठी? पिकासाठी. बैलानं तोंड घालू नाय म्हून. तो जपानी आपल्या वाड्यावर आला व्हता तवा त्यानंबी बांधलं व्हतं."

व्यंकटरावांनी विचारलं, "हायाशींनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"मी इचारलं, त्यानं सांगितलं. म्हनला, मला सर्दी हाय, मेंढरांना लागू नाय. मी म्हनलं, मेंढराला मानसाची लागत नाय. तो म्हनला, मग तुमाला लागंल. मी म्हनलं, बरं, बांध. झालं."

झालं. जे शब्दकोशाच्या खंडात आठ वर्षं मावत नव्हतं, ते मेंढरांच्या वाड्यात एका दमात मिटलं होतं. पण मग व्यंकटरावांच्या मनात एक प्रश्न आला. असा प्रश्न त्यांनी एरवी कागदावरही विचारला नसता. बहुधा मास्क खाली असल्यामुळे तो तोंडातून निघून गेला.

"मग मुंजाबा, तुम्ही मला का नाही विचारलं?"

मुंजाबांनी काठीच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली. उत्तर बानाबाईंनी दिलं आणि या वेळी त्यांचा आवाज खाली आला होता.

"त्या जपान्याच्या आज्यानं यांच्या आज्याला वावराच्या कडंला बसवून ओंजळीत वरून पाणी नव्हतं घातलं, मास्तर."

दोन आजोबांची ती ओळख व्यंकटरावांना फार आवडायची. त्यांनी ती वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहून ठेवली होती, आणि ती खतापुरतीच आहे असं इतकी वर्षं धरून चालले होते. मुंजाबा म्हणाले की ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. तुम्ही थोडंच घातलं. पण मांडवात तांब्या परत गेला तेव्हा साहेबरावांनी कानात तेच विचारलं, की हे तेच का कुलकर्णी. मग काय बोलणार.

व्यंकटरावांना पाण्याच्या विटाळाबद्दलचं आपलं ते हळू आवाजातलं वाक्य आठवलं. ते त्यांनी मुंजाबांनाही दोन-तीनदा ऐकवलेलं होतं. मुंजाबांनी दर वेळी मान डोलावली होती.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "माहीत करून घ्यायला हवं होतं."

बानाबाईंनी चिठ्ठी त्यांच्या हातात परत दिली. त्या म्हणाल्या की नाव अजून ठेवलेलं नाही, हे अडून बसलेत, लेकराला सगळे 'ए' म्हणून हाक मारू राहिले. "गुरवारी या. मुसकं बांधून या, बिगर मुसक्याचं या, तुमच्या मनानं. पर आल्यावर पाणी घ्यायचं, अन् तोंडानं बोलायचं."

गुरुवारी व्यंकटराव गेले. मास्क घालून गेले, कारण आकडे खरोखरच वाढत होते. फाटकातूनच, दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की मला आता सर्दी नाही, मास्क बाळासाठी आहे, वासबिस काही येत नाही. बानाबाईंनी तांब्या पुढे केला. व्यंकटरावांनी मास्क खाली ओढला, मान वर करून वरून पाणी घेतलं आणि निम्मं सदऱ्यावर सांडलं. मुंजाबा म्हणाले, सवय नाय मास्तरला. बाळाचं नाव अजिनाथ ठेवलं. ते बाळ त्यांनी पाच हातांवरून पाहिलं, आणि तेवढं सगळ्यांना चाललं.

घरी आल्यावर त्यांनी शब्दकोशाचा तो खंड काढला. उमाताई पाठीमागे उभ्या राहून पत्र वाचत होत्या. आपल्या नावापाशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला. हे पत्र आलं होतं, हे त्यांना आठ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग त्या म्हणाल्या, "आता खरं तेच लिहा. म्हणावं, घरात पाणी नव्हतं आणि मला आमच्याच वासाची धास्ती होती. तुम्ही काहीही बांधून आला असतात तरी मला तेच वाटलं असतं."

व्यंकटरावांनी जवळजवळ हेच लिहिलं. अलंकार सुचले ते खोडले. चूक तुमची नव्हती, असं लिहिलं. दारात तुम्ही जे सांगितलं ते मला ऐकू आलं होतं आणि तरी मी त्यावर विश्वास ठेवला नाही, हेही लिहिलं. हे वाक्य लिहायला एक दुपार लागली. शेवटी 'मुसके' हा शब्द अर्थासह दिला, आणि हा अर्थ मुंजाबांचा आहे, माझा नाही, अशी नोंद केली. हायाशी अजून त्याच पत्त्यावर आहेत की नाहीत, आहेत तरी की नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं.

पोस्टात मोजकीच माणसं होती आणि सगळी खुणांच्या गोलांबाहेर उभी होती. काउंटरवरच्या माणसाने पाकीट तोललं, जपान हा शब्द दोनदा वाचला, कधी पोहोचेल ते सध्या सांगता येत नाही म्हणाला. व्यंकटराव म्हणाले, घाई नाही. त्याने काचेखालून चार तिकिटं सरकवली. व्यंकटराव कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले. टेबलावर डिंकाची बाटली नव्हती. तिथे चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, की संसर्ग टाळण्यासाठी सामाईक बाटली उचलून ठेवण्यात आली आहे. शेजारचे एक गृहस्थ मास्क हनुवटीवर घेऊन शांतपणे आपलं तिकीट चाटत होते. व्यंकटरावांनी इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही मास्क खाली केले, चारही तिकिटं जिभेने ओली करून पाकिटावर दाबून बसवली, मास्क पुन्हा नाकावर घेतले, आणि क्षमा असावी अशी ओळ पाकिटावर लिहावी की काय, या विचारात दोन मिनिटं उभे राहिले. मग त्यांनी पत्र पेटीत टाकलं.